ळ टंकायचा कसा? मराठी संकेतस्थळांची पार्श्वभूमी

गप्पा-चर्चांच्या मराठी संकेतस्थळांचा विषय निघाला की बहुतेकांना तिथली भांडणं आठवतात. ती होतीच. पण त्याच्या कितीतरी आधी सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता, ळ टंकायचा कसा?

विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या हाती ते आधीच आलं होतं. यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, मराठीचा वेगळा गट होता, पण लिपी रोमन. १९९६ च्या गणेश चतुर्थीला मायबोली हे संकेतस्थळ सुरू झालं, तेही परदेशस्थांच्या पुढाकाराने. घरापासून लांब असलेल्याला गप्पांची भूक जास्त, हे ओघानंच आलं.

देवनागरी दिसायची ती फॉन्टच्या कृपेने. ज्याचा फॉन्ट त्याची अक्षरं. वृत्तपत्रांचीही तीच तऱ्हा. फॉन्ट उतरवून घेतला नसेल तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा. शोधयंत्राला तर त्यातलं अक्षर कळत नसे.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती. ती घरच्या संगणकावर यायला मात्र दहाएक वर्षं गेली. विंडोज एक्सपीत सोय होती, पण निजलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जा, भाषांच्या खिडकीत खूण करा, की संगणक एक्सपीची सीडी मागणार. ती ऑफिसात कोण देणार? ते राहिलं तर जोडाक्षरं फुटत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसे. हे एकदा जमलेला माणूस पुढच्या दहा जणांना पायरी पायरीने सांगे. माझ्या मते मराठी आंतरजालावरचा पहिला खरा अभ्यासवर्ग तो हाच.

मग दार उघडलं. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, मग चर्चांची संकेतस्थळं आली: २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. ब्लॉगही याच काळात फोफावले. मनोगतावर शुद्धिचिकित्सक होता. लेखनातल्या चुका तिथल्या तिथे कळत. गझल टाकली की कुणीतरी प्रतिसादात मात्रा मोजून दाखवी, आणि मतल्यातच, म्हणजे पहिल्याच शेरात, वृत्त ढळलंय हे चारचौघांत ऐकावं लागे. पाककृतीखाली न्यू जर्सीतून विचारणा येई, भाजणी इथल्या पिठांची करू का? उत्तरं पाच, पाचही वेगळी. एखादा शेअर बाजार समजावी, एखादी किल्ल्यांच्या वाटा. पदवी कुणी विचारत नसे, संदर्भ मात्र मागत, आणि तो नसला तर धाग्याची, म्हणजे त्या चर्चेची, शंभर प्रतिसादांची शंभरी ठरलेली. नुसते वाचनमात्र राहणारेही होतेच.

अर्थात हा सगळा मेळा मुख्यतः पुणे, मुंबई आणि परदेशातल्या शिकलेल्यांचा होता. गावाकडचं लिहिणं, प्रमाण नसलेली मराठी, शेतीतले प्रश्न मोठ्या प्रमाणावर आले ते स्वस्त मोबाइल आल्यावर. पण तोवर गर्दी फेसबुककडे वळली होती आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर.

युनिकोडमध्ये लिहिलेला २००५ चा धागा, संकेतस्थळ चालू असेल तर, आजही शोधल्यावर सापडतो, खाली लेखकाच्या आयडीसकट. व्हॉट्सॲपवर मात्र तोच मजकूर रोज सकाळी नव्याने फिरतो, बहुधा कुठल्यातरी भलत्याच नावाने.