‘अर्थ अनिश्चित’ असलेला जनुकबदल आणि मामाचं रक्त

वारंवार गळवं, यकृतात पू, बीसीजी टोचलेल्या बाजूच्या काखेत महिनोन्‌महिने न बसणारी गाठ. अशा मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, असल्याची शंका येते. या जन्मजात आजारात पांढऱ्या पेशींतलं जंतू मारणारं ऑक्सिडेझ एन्झाइम काम करत नाही. जनुकतपासणीचा अहवाल सांगतो : या एन्झाइमचा एक भाग बनवणाऱ्या सीवायबीबी जनुकात एका अक्षराचा बदल, वर्ग ‘व्हीयूएस’, म्हणजे ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’. याचा अर्थ ‘सौम्य दोष’ असा नाही. हा बदल रोगकारक की निरुपद्रवी, हे ठरवण्याइतका पुरावा अजून नाही, एवढंच. २०१५ च्या अमेरिकी निकषांनुसार ‘बहुधा रोगकारक’ म्हणायलाही ९० टक्क्यांहून जास्त खात्री लागते.

बदल जागतिक जीनोम-संग्रहात सापडत नाही, हा पुरावा तोकडा आहे. तिथे भारतीय कमी असल्याने आपल्याकडच्या एखाद्या समाजात सर्रास आढळणारा बदलही दुर्मीळ भासतो.

खरं उत्तर पांढऱ्या पेशींत मिळतं. डीएचआर चाचणीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना पीएमए नावाच्या रसायनाने चेतवतात. ऑक्सिडेझ एन्झाइम काम करत असेल तर डीएचआर हा रंग चमकू लागतो आणि फ्लो सायटोमीटर हे यंत्र प्रत्येक पेशीची चमक मोजून आलेख काढतं. सीजीडीत ती जवळजवळ येतच नाही. नमुना शक्यतो २४ तासांत पोहोचावा, फ्रिजमध्ये ठेवू नये आणि सोबत निरोगी व्यक्तीचं रक्त त्याच वेळी काढून पाठवावं. नाहीतर प्रवासात मेलेल्या पेशींनाच रोग समजलं जातं. मायलोपेरॉक्सिडेझ या पांढऱ्या पेशींतल्या दुसऱ्या एन्झाइमच्या कमतरतेतही चमक घटते, तेही तपासावं.

आईच्या डीएचआर चाचणीचा आलेख फार बोलका असतो. सीवायबीबी एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून वाहक आईत चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी दिसतात. असं दिसलं तर संशयित बदलाचं पारडं जड होतं. आईचा आलेख पूर्ण सामान्य असेल तर मुलातला बदल नव्याने उद्भवलेला असू शकतो, किंवा दोष एनसीएफ१ मध्ये, म्हणजे याच एन्झाइमच्या दुसऱ्या एका जनुकात, असू शकतो. या जनुकाच्या हुबेहूब पण निकामी प्रतींमुळे नेहमीच्या सिक्वेन्सिंगमधून तो निसटतो.

मामा मात्र निर्णायक ठरू शकतो, कारण पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असतं. तोच बदल असूनही त्याची डीएचआर सामान्य असेल, तर तो बदल जवळपास निर्दोष ठरतो.

डीएचआर ठामपणे बिघडलेली असेल तर को-ट्रायमॉक्साझोल आणि इट्राकोनाझोल ही संसर्ग टाळणारी औषधं जनुकाच्या निकालासाठी अडवू नयेत. गर्भजल तपासणीचा निर्णय मात्र केवळ व्हीयूएसवर घेऊ नये. प्रयोगशाळेला वर्ष-दोन वर्षांनी बदलाच्या वर्गाचा फेरविचार करायला सांगावं. घरात पुढचं बाळ जन्मलं तर डीएचआरचा निकाल येईपर्यंत त्याची बीसीजी थांबवावी.