गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय? वॉकर न्यायला येताना संडासाच्या दाराचं माप घेऊन या

आमच्या दुकानात गर्दी कधी होते सांगू? मिरजेतल्या दवाखान्यांतनं डिस्चार्ज मिळतात तेव्हा. आज्जी खाली गाडीत बसलेल्या, पोरगा पळत येतो, वॉकर द्या, कमोडची खुर्ची द्या, लवकर द्या. आम्ही विचारतो आज्जींची उंची किती, तर हातानं दाखवतो, एवढी. संडासाचं दार किती रुंद? ते कोण मोजतंय. मग संध्याकाळी फोन, वॉकर दारातच अडकतोय!

जुन्या घरात संडासाचं दार दोन फुटाचं, चौकट सोडली तर आतली जागा त्याहून कमी, आणि साधा वॉकर उघडला की तोही जवळपास तेवढाच होतो. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच चौकटीच्या आतनं टेप लावा. अरुंद वॉकर आमच्याकडं आहेत पण मोजकेच, आधी सांगितलं तर बाजूला काढून ठेवतो.

उंचीचं पण तसंच. पेशंटला घरातली चप्पल घालून सरळ उभं करा, हात सैल, आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजा, वॉकरची मूठ तिथं आली पाहिजे. उंच झाला तर खांदे भरून येतात, बुटका झाला तर माणूस वाकून चालतो आणि मग म्हणतात ऑपरेशननंतर कंबर धरली.

खुब्याचं ऑपरेशन असेल तर कमोडची खुर्ची उंचच घ्या. बुटक्या सीटवर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि नवा सांधा निसटायची भीती असते.

गुडघ्याच्या ऑपरेशनला सगळे म्हणतात "वाटी बदलली", पण वाटी बहुतेक तुमचीच राहते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात, मधी प्लास्टिक. आणि "गॅप पडलाय" म्हणतात ते तर उलटंच, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजल्यामुळं एक्स-रेत गॅप कमी झालेला असतो. नी-कॅपनं कूर्चा भरून येत नाही, आधार वाटतो एवढंच, आम्ही विकतो तरी सांगतोय.

ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि नंतर सरळ होताना रडवतो. घ्यायचीच तर टाचेखाली घ्या. (आम्ही उशा विकत नाही.)

वॉकर भाड्यानं देताना आम्ही डिपॉझिट घेतो, त्यावरनं बरेचजण नाराज होतात. पण पेशंट चालायला लागला की आमचा वॉकर गावाकडं गोठ्यात पडून राहतो, आणायला आम्हीच जायचं. दर भाड्याला चारी पायांची रबरी बुचं आम्ही नवीन घालतो, कारण झिजलेलं बूच ओल्या शहाबादीवर सरकतं. महिना-दोन महिन्यांचंच काम असेल तर विकत घेऊ नका, भाडं परवडतं. वापरलेले मोजे आणि नी-कॅप मात्र परत घेत नाही. सांगली, मिरज, कुपवाडात घरी येऊन माप घेतो, त्याचे पैसे नाहीत, फक्त आदल्या दिवशी फोन करा.