मेथॉडिस्ट चर्च

मेथॉडिस्ट चर्च : ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट शाखेतील एक पंथ. अठराव्या शतकात जॉन वेस्ली (१७०३–९१) व त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स यांच्या प्रेरणेने तो इंग्लंडमध्ये उदयास आला. ऑक्सफर्डमध्ये प्रार्थना, उपास व कैद्यांच्या भेटी यांचा नेम काटेकोरपणे पाळणाऱ्या त्यांच्या मंडळाला इतर विद्यार्थ्यांनी ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे नेमनिष्ठ, असे टोपणनाव दिले. टवाळीतून आलेले हे नावच पुढे पंथाला चिकटले.

२४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने बायबलमधील ‘रोमकरांस पत्रा’ला लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असता, रात्री पावणेनऊच्या सुमारास, आपल्या अंतःकरणात ऊब दाटल्याचे वेस्लीने रोजनिशीत लिहिले आहे. तारण, म्हणजे पापातून मुक्ती, कर्माने नव्हे तर विश्वासाने मिळते, देवाची कृपा मोजक्या निवडलेल्यांपुरती नसून सर्वांसाठी आहे आणि तारणानंतर जीवन उत्तरोत्तर पवित्र होत गेले पाहिजे, ही या पंथाची मुख्य शिकवण होय. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानले जातात. बालकांनाही बाप्तिस्मा देतात.

पंथाचे खरे वैशिष्ट्य मात्र सिद्धांतापेक्षा संघटनेत आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा सभासदांचे गट पाडून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करण्याचे ठरले. वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्या गटप्रमुखांना सभासदांची सुखदुःखे व स्खलने कळू लागली आणि हिशेबाची ही सोय बघता बघता आत्मिक देखरेखीची व्यवस्था बनली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर तेथे धर्मगुरूंची वाण पडल्याने वेस्लीने १७८४ मध्ये स्वतःच दीक्षा दिल्या. त्यातून निघालेल्या अमेरिकन शाखेत बिशप आले, ब्रिटिश शाखेत आले नाहीत.

भारतात अमेरिकन शाखेचे कार्य विल्यम बटलर याने १८५६ मध्ये सुरू केले आणि बरेली हे त्याचे पहिले केंद्र ठरले. १९७० मध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झाले, तेव्हा ही शाखा ऐन वेळी बाजूला राहिली. १९८१ मध्ये ती ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाली.

या चर्चची वडोदऱ्यातील मंडळी, म्हणजे स्थानिक उपासकांचा समुदाय, गुजरात प्रादेशिक परिषद या विभागात मोडते. फत्तेगंजमध्ये पंथाचे चर्च असून गुजराती ही तिथल्या उपासनेची प्रमुख भाषा आहे. शहरातील मराठी माणसाला ख्रिस्ती म्हटले की अहमदनगर आणि ना. वा. टिळक आठवतात; परंतु ते ज्या अमेरिकन मराठी मिशनचे, ते काँग्रिगेशनल परंपरेचे होते. त्या परंपरेत स्थानिक मंडळी आपला पाळक, म्हणजे धर्मगुरू, आपणच निवडते. मेथॉडिस्टांत पाळकाची नेमणूक बिशप करतो व परिषदेत यादी वाचून ती जाहीर होते. नाव ज्या गावापुढे येईल तेथे पाळकाने बिऱ्हाड हलवायचे, असा रिवाज आहे.