डीमनचा क्रमांक कुठे लिहून ठेवायचा?

काही वर्षांपूर्वी मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरची वीज अचानक गेली. थोड्या वेळाने ती आली, यंत्र सुरू झालं, पण त्यावरची एक सेवा काही केल्या उठेना. ‘मी आधीच चालू आहे’ एवढंच ती सांगत होती. चालू प्रोसेसची, म्हणजे त्या क्षणी चालत असलेल्या प्रोग्रॅमांची, यादी काढली तर तिचा मागमूसही नाही. बराच वेळ शोधल्यावर तिच्याच फोल्डरमध्ये एक इवलीशी फाइल सापडली. आत फक्त एक आकडा होता. फाइल पुसली आणि सेवा लगेच सुरू झाली.

यूनिक्स घराण्यातल्या सगळ्या प्रणालींमध्ये, म्हणजे लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस यांत, सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एक क्रमांक देतं. त्याला पीआयडी म्हणतात. टर्मिनलमधून आपण चालवलेला प्रोग्रॅम शेलच्या, म्हणजे आपल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नजरेखाली असतो. डीमन, म्हणजे अशी सेवा पुरवणारा प्रोग्रॅम, मात्र मुद्दाम नाळ तोडतो: फोर्क करून आपली प्रत काढतो, मूळ प्रोसेस संपवतो, टर्मिनलपासून सुटतो आणि पडद्याआड काम करत राहतो. मग त्याला ‘सेटिंग पुन्हा वाच’ किंवा ‘थांब’ असा सिग्नल द्यायचा तर कोणत्या क्रमांकाला? नावावरून शोधता येतं, पण एकाच नावाच्या चार प्रोसेस चालू असू शकतात. म्हणून डीमन सुरू होतानाच आपला क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवतो.

ही फाइल कशी असावी हे फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड या मानकात अगदी नेमकं सांगितलं आहे. फाइलीचं नाव म्हणजे प्रोग्रॅमचं नाव, टिंब आणि ‘pid’ ही अक्षरं; आत फक्त क्रमांक. क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या, डीमनचा क्रमांक 25 असेल तर त्याच्या फाइलीत तीनच अक्षरं हवीत: दोन, पाच आणि ओळ संपल्याची खूण. वाचणाऱ्याने मात्र सढळ असावं. मोकळ्या जागा, आधीची शून्यं, जास्तीच्या ओळी याकडे त्याने दुर्लक्ष करावं.

आता जागेचा प्रश्न. बीएसडी या जुन्या यूनिक्समध्ये सिसलॉगची, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या डीमनची, अशी फाइल थेट /ईटीसीमध्ये असे. पण /ईटीसी ही सेटिंग्जची जागा; दर बूटला बदलणारा आकडा तिथे शोभत नाही. पुढे /व्हार/रन हे ठिकाण रूढ झालं. तिथल्या फाइली प्रत्येक बूटच्या सुरुवातीला साफ झाल्या पाहिजेत, असा नियमही झाला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच. पीआयडीचा आकडा यंत्र चालू आहे तोवरच खरा असतो, बंद झाल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही. माझ्या त्या सेवेने आपली फाइल या ठिकाणाबाहेर, डिस्कवर ठेवली होती, त्यामुळे ती कोणी साफच केली नाही.

/व्हार/रनलाही एक अडचण होती. /व्हार अनेकदा वेगळ्या डिस्कवर असतं आणि बूट होताना उशिरा जोडलं जातं. त्याआधी उठणाऱ्या डीमनांनी लिहायचं कुठे? 2011 च्या सुमारास लिनक्सच्या वितरणांनी मुळाशीच /रन ही डिरेक्टरी आणली आणि 2015 मध्ये मानकाच्या 3.0 आवृत्तीने तिला मान्यता दिली. ती टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीतच असते. वीज गेली की तिच्यातलं सगळं आपोआप पुसलं जातं. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून /व्हार/रन ही आता बहुतेक ठिकाणी /रनकडे नेणारी लिंक असते. फ्रीबीएसडी आणि मॅकओएस मात्र अजून /व्हार/रनच वापरतात.

जागा बरोबर असली तरी एक धोका उरतो. यंत्र चालू असतानाच डीमन कोसळला तर फाइल मागे राहते. लिनक्सवर पीआयडीची मर्यादा बराच काळ 32768 होती. ती गाठली की मोजणी पुन्हा खालून सुरू होते आणि मोकळे झालेले क्रमांक दुसऱ्यांना मिळतात. म्हणजे शिळी फाइल वाचून पाठवलेला ‘थांब’ भलत्याच प्रोसेसला लागू शकतो. 64 बिटच्या यंत्रांवर ही मर्यादा 41,94,304 पर्यंत वाढवता येते, पण त्याने धोका लांबतो, टळत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे फाइलीला कुलूप लावणं. डीमन जिवंत असेपर्यंत फाइल लॉक असते आणि तो मेला की कर्नल स्वतः लॉक काढतं. लॉक मिळालं तर फाइल शिळी आहे हे नक्की. फ्रीबीएसडीच्या लायब्ररीत यासाठी तयार फंक्शनंच आहेत.

फाइल कोणाला लिहिता येते हेही पाहायला हवं. साध्या वापरकर्त्याच्या हक्काने चालणारा डीमन ती बदलू शकत असेल आणि रूटची, म्हणजे सगळे हक्क असलेल्या वापरकर्त्याची, स्क्रिप्ट ती डोळे झाकून वाचत असेल, तर त्या डीमनमध्ये शिरलेला माणूस रूटच्या हातून हवी ती प्रोसेस मारू शकतो.

सिस्टमडी हा लिनक्सवर सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम. तो वापरणाऱ्या यंत्रांवर आता डीमनला नाळ तोडावीच लागत नाही. सिस्टमडी त्याला स्वतः सुरू करतं, त्याच्या सगळ्या प्रोसेस एका कंट्रोल ग्रुपमध्ये ठेवतं आणि क्रमांकही लक्षात ठेवतं. पीआयडीची फाइल लागते ती जुन्या पद्धतीने फोर्क करणाऱ्यांसाठी. 2019 मध्ये लिनक्सच्या कर्नलने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आता क्रमांकाऐवजी प्रोसेसचा फाइल डिस्क्रिप्टरच, म्हणजे त्याच एका प्रोसेसशी बांधलेली कर्नलची खूण, हाती धरता येतो. त्यावर पाठवलेला सिग्नल त्याच प्रोसेसला मिळतो. ती संपलेली असेल तर कर्नल चूक कळवतं आणि तोच क्रमांक घेऊन बसलेल्या नव्या प्रोसेसला धक्काही लागत नाही.