वजन उतरणं वेगळं, तब्येत सुधारणं वेगळं

"दोन महिने रोज सकाळी चालतोय, काटा जागचा हलत नाही. मग कशाला उठायचं पहाटे?" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं की जीव तुटतो. कारण त्यापुढे बहुतेक जण खरंच चालणं सोडतात. त्यांची साखर आटोक्यात येत असते, रक्तदाब उतरत असतो, दम टिकायला लागलेला असतो, आणि हे सगळं बाथरूममधल्या काट्याला दिसत नाही एवढ्यावरून बंद पडतं.

याच गोंधळाची दुसरी बाजू म्हणजे सडपातळ माणसं. "तुला काय गरज व्यायामाची? तू तर काडी आहेस," असं त्यांना घरचेच सांगतात. मग चाळिशीत कंपनीच्या तपासणीत साखर निघते आणि सगळे थक्क होतात. दोन्हीकडे चूक तीच. वजन हा आकडा तब्येतीचा आकडा धरला जातो.

वजन कसं उतरतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार शब्द खर्च करत नाही. खर्चापेक्षा कमी खाल्लं की ते उतरतं. व्यायामानं हे काम फार हळू होतं. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास झपझप चालला तर बसून राहण्यापेक्षा जास्तीचा खर्च होतो साधारण दीडशे ते दोनशे कॅलरींचा, आणि परतताना कोपऱ्यावर खाल्लेला एक वडापाव त्याहून जास्त देऊन जातो. काटा हलवायचा तर ताटात बदल करावा लागतो. इथवर कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते पुढे. "व्यायामानं वजन उतरतं, वजन उतरलं की साखर आणि हृदय सुधारतं," अशी एक साखळी लोकांनी मनाशी पक्की केलेली असते. मधली कडी तुटली की पुढचं काही होणारच नाही, असं त्यांना वाटतं. पण व्यायामाचे बरेचसे फायदे त्या कडीतून जातच नाहीत. ते थेट होतात. कसे, ते जरा जवळून बघू.

जेवणानंतर रक्तात साखर येते. ती कुणीतरी उचलायला हवी. रक्तातलं इन्सुलिन मुद्दाम वाढवून ज्या चाचण्या केल्या जातात, त्यात दिसतं की त्यावेळी सुमारे ८० टक्के साखर स्नायू उचलतात. मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड हे शरीरातलं साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. स्नायूच्या पेशीत साखर आत नेणारं एक प्रथिन असतं, ग्लूट-४. एरवी ते पेशीच्या आत पडून असतं. इन्सुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. टाइप २ डायबेटिसमध्ये, आणि त्याच्या आधीही कित्येक वर्षं, हा निरोप नीट पोचत नाही. यालाच आपण इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो.

आता तोच स्नायू कामाला लावा. तो आकुंचन पावला की पेशीत कॅल्शियम वाढतं, साठवलेली ऊर्जा खर्च होते, आणि या दोन खुणांवरून ग्लूट-४ पृष्ठभागावर येतं. इन्सुलिन सांगो वा न सांगो. हा वेगळा रस्ता डायबेटिस झालेल्या माणसातही बऱ्यापैकी शाबूत असतो. म्हणून जिना चढताना, बैठका मारताना, झपझप चालताना साखर रक्तातून स्नायूत जाते, त्या दिवशी, त्याच तासाला. त्यासाठी एक ग्रॅमही वजन कमी व्हावं लागत नाही. व्यायाम थांबल्यावरही स्नायू पुढचे एक ते तीन दिवस इन्सुलिनला जास्त दाद देतो, आणि मग तो परिणाम ओसरतो.

या शेवटच्या वाक्यात नियमितपणाचं सगळं कारण आहे. साखरेसाठी व्यायाम करणाऱ्यानं सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये, असं डायबेटिसचे डॉक्टर सांगतात ते यामुळेच. रविवारी सिंहगड चढायचा आणि सोमवार ते शनिवार खुर्चीत बसायचं, यानं मन प्रसन्न होतं, चढण्याचा दमही वाढतो, पण गुरुवारच्या जेवणानंतरच्या साखरेला त्या रविवारचा काही उपयोग नाही.

आता चरबी. वजन तेच राहूनही चरबीची जागा बदलू शकते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. कॅनडातल्या संशोधकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लठ्ठ पुरुषांच्या एका गटाला तीन महिने रोज व्यायाम करायला लावला आणि खर्च झालेली ऊर्जा मुद्दाम जेवणातून भरून दिली, म्हणजे वजन घटूच नये. वजन घटलं नाही. पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी मात्र कमी झाली. त्रास देणारी चरबी हीच. यकृताला चिकटून राहणारी, रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, वाढवणारी. मांडीवरच्या चरबीचा तेवढा उपद्रव नसतो.

आपल्याकडचा पुरावा तर याहून बोलका आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेला इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम २००६ साली प्रसिद्ध झाला. डायबेटिसच्या उंबरठ्यावरची ५३१ माणसं त्यात होती. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. ज्यांचा आहार आणि हालचाल नीट लक्ष घालून बदलली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढंच. आणि जीवनशैली बदललेल्या गटाचं वजन? ते म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं. प्रत्येक जिमच्या भिंतीवर "इतके किलो, इतक्या दिवसांत" असे फलक लावण्याऐवजी हा निष्कर्ष लावायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

सडपातळ माणसांचा प्रश्न पुण्यातूनच जगापुढे आला. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या जन्मजात ठेवणीवर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी ठेवण. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ ठेवलेली आहे, आणि म्हणूनच "बारीक आहे म्हणजे बरा आहे" हे आपण तरी म्हणू नये. अशा माणसाला उतरवायला वजनच नसतं. त्याला स्नायू हवे असतात.

एवढं वाचून कुणी "म्हणजे वजनाला काही अर्थच नाही" असा निष्कर्ष काढेल, तर तोही चुकेल. वजन उतरवण्यानं जे होतं ते व्यायामानं होत नाही, अशाही गोष्टी आहेत. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले, टाइप २ डायबेटिस असलेल्यांना काही महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वर्षाअखेर त्यांच्यातले ४६ टक्के जण औषधाविना डायबेटिसच्या मर्यादेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालचा हा कडक आहार होता, रोजच्या फेऱ्यांचा परिणाम नव्हे. शंभर किलोच्या माणसाचे गुडघे, घोरणं, चरबी साठलेलं यकृत यांनाही वजन उतरल्याचा मोठा फायदा होतो. त्यांनी ताट जरूर बदलावं.

पण उतरलेलं वजन कशाचं, हे तरी बघा. नुसतं कमी खाऊन उतरवलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबीचा नसतो, आणि त्यात स्नायूही जातात. साखर उचलणारं गिऱ्हाईकच आपण घालवतो. लग्नाआधी दोन महिने फक्त सूप आणि काकडीवर राहणाऱ्या मुलीला सगळे म्हणतात, "काय गं, किती छान बारीक झालीस!" मला हे कौतुक ऐकवत नाही. तिला जिन्याचे दोन मजले चढवत नाहीत, केस गळताहेत, आणि आपण तिला शाबासकी देतो.

हृदयाच्या बाबतीत दमाला, म्हणजे न थकता किती मेहनत झेपते त्याला, वजनाइतकाच, किंबहुना जास्तच मान द्यायला हवा. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो माणसांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवून त्यांचा दम मोजला आणि मग पुढची कित्येक वर्षं त्यांची नोंद ठेवली. १९९९ साली सुमारे २२ हजार पुरुषांची माहिती प्रसिद्ध झाली. सडपातळ पण दम नसलेल्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण लठ्ठ पण दमदार पुरुषांपेक्षा जास्त निघालं. दम वाढतो तेव्हा हृदयाचा प्रत्येक ठोका जास्त रक्त ढकलतो, विश्रांतीतली नाडी मंदावते, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिन्या सैलावतात. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला आहे, त्यांचा वरचा आकडा नियमित चालण्या-पळण्यानं साधारण ५ ते ८ नं खाली येतो. हेही काट्याला कळत नाही.

इथे एक सूचना त्यांच्यासाठी, जे धावायला लागले की गोळ्या सोडतात. व्यायामानं ट्रायग्लिसराइड उतरतात, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, पण एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम किरकोळ असतो. पूर्ण मॅरेथॉन पळणाऱ्याचं एलडीएल १९० असू शकतं. स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी गोळी, चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. "मी आता फिट आहे" हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

कोणता व्यायाम, यावर माझी आवड लपवत नाही. चालणं आपल्याकडे सगळ्यांना पटलेलं आहे. ताकदीचा व्यायाम मात्र पोरांचा, पैलवानांचा समजून बाजूला ठेवला जातो, विशेषतः बायका आणि साठीपुढचे लोक तो टाळतात. अमेरिकेत लुइझियानामध्ये डायबेटिस असलेल्या २६२ जणांवर नऊ महिने चाचणी झाली, तिचा निकाल २०१० साली आला. नुसतं चालणाऱ्यांच्या किंवा नुसती वजनं उचलणाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत (एचबीएवनसी या तपासणीत) ठळक फरक पडला नाही. दोन्ही करणाऱ्यांच्या पडला. म्हणून चालणं चालू ठेवा आणि त्यात बैठका घाला. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. जमिनीवर जोर जमत नसतील तर ओट्याला हात लावून काढा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, शेवटच्या दोन-तीन खेपा जड जातील इतपत. जड गेलंच नाही तर स्नायूला वाढायचं कारण मिळत नाही.

शतपावलीही सोडू नका. न्यूझीलंडमध्ये टाइप २ च्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालण्यानं जेवणानंतरची साखर जास्त खाली राहिली. सगळ्यात ठळक फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. आपलं रात्रीचं जेवण उशिरा असतं, भात-पोळीचं असतं, आणि त्यानंतर थेट टीव्हीसमोर बसणं असतं. दहा मिनिटं तिथेच काढायची आहेत.

मोजायचं काय, हा प्रश्न उरतो, कारण काहीतरी मोजल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. कंबर मोजा. पँटच्या पट्ट्यापाशी नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप घट्ट न आवळता. भारतीय पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर पोटात चरबी आहे असं धरा, मग काटा काहीही म्हणो. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड बघा. माझ्या ओळखीतल्या एका काकूंचं वजन वर्षभर किलोभरही हललं नव्हतं. त्या हिरमुसून रिपोर्ट घेऊन आल्या, आणि त्याच रिपोर्टात त्यांची तीन महिन्यांची साखर डायबेटिसच्या उंबरठ्यावरून खाली आलेली होती. ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. वजन महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरतं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्यावा. वर सांगितलेला स्नायूचा रस्ता त्यांच्यातही उघडतो आणि औषधाच्या जोडीनं साखर फार खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा दोन चमचे साखरेची पुडी असू द्यावी. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथेच थांबावं. त्रास बसूनही ओसरला नाही तर १०८ ला फोन करावा. ओसरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्यावा.