१७८९ : ४ ऑगस्टच्या रात्रीची पार्श्वभूमी

१७८९ म्हटले की बॅस्तिलचा पाडाव आठवतो. ती हकिकत शालेय पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे येथे तिच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. हल्ल्याच्या दिवशी आत अवघे ७ कैदी होते, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांना खरा स्पर्श करणारा, सरंजामी हक्क सोडून देण्याचा निर्णय त्यानंतर ३ आठवड्यांनी, ४ ऑगस्टच्या रात्री व्हर्साय येथे झाला, आणि त्याचा अर्थ लावण्यावरून पुढची ४ वर्षे भांडण चालू राहिले.

त्याच वर्षी इतरत्रही सत्तेची उलथापालथ चालू होती. वर्षारंभी व्हिएतनामी फौजेने ऐन नववर्षाच्या सणात चिनी सैन्याला आजच्या हनोईतून पिटाळले. ३० एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला, तर ऑक्टोबरात ऑस्ट्रियाने तुर्कांकडून बेलग्रेड जिंकून घेतले. आपल्याकडे, आदल्या वर्षी दिल्लीच्या बादशहाचे डोळे काढणारा रोहिला सरदार मराठ्यांच्या हाती लागून मार्चमध्ये मारला गेला. डिसेंबरअखेरीस म्हैसूरच्या फौजेने त्रावणकोरच्या तटबंदीवर चढाई केली, आणि त्यातून पेटलेल्या युद्धात पुणे दरबार, निजाम व इंग्रज एका बाजूला आले.

फ्रान्सची अडचण मुळात पैशाची होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीने कर्जाचा डोंगर वाढला होता आणि राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग व्याजातच जात होता. त्यातच जुलै १७८८ मधील गारपिटीने पीक झोपवले आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये ४ पौंडांच्या पावाची किंमत साडेचौदा सू (तेव्हाचे फ्रेंच नाणे) इतकी चढली. साध्या मजुराची दिवसाची कमाई २० ते ३० सू होती, हे पाहता घरात काय चालले असेल याचा अंदाज येतो. १६१४ नंतर प्रथमच भरलेल्या तिन्ही वर्गांच्या (धर्मगुरू, उमराव व सामान्यजन) सभेचा दीड महिना मतमोजणीच्या पद्धतीवरील वादात गेला. तेवढ्यात खेड्यांत, दरोडेखोर येत असल्याच्या वावड्यांनी बिथरलेले शेतकरी जमीनदारांच्या वाड्यांवर चालून गेले. अनेक ठिकाणी त्यांनी जमीनदाराला द्याव्या लागणाऱ्या देण्यांच्या नोंदींची दप्तरे बाहेर काढून चौकात जाळली.

या आगीमुळे सभा हलली, औदार्यामुळे नव्हे. ४ ऑगस्टच्या बैठकीत फारशी जमीन नसलेला एक उमराव प्रथम बोलला आणि त्याच्यामागून देशातील अतिश्रीमंत जमीनदारांपैकी एक. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत शिकारीचे हक्क, धर्मसंस्थेचा दशांश (पिकाच्या ठरावीक हिश्श्याचा कर), विकत मिळणारी सरकारी पदे, शहरांच्या सवलती असे एकेक सोडून दिले जात होते. मात्र ११ ऑगस्टपर्यंत मसुदा पक्का होईतो हात आखडता घेतला गेला. सरंजामी व्यवस्था पूर्णपणे नष्ट केल्याचे पहिल्याच वाक्यात जाहीर केले आणि लगेच पुढे भेद केला, तो असा की माणसाच्या अंगावरचे वेठबिगारीचे बंधन मोबदल्याशिवाय रद्द व्हावे, पण जमिनीवरची देणी ही मालमत्ता मानून ती पैसे भरून सोडवून घ्यावीत. दशांशावर मोबदल्याविना पाणी सोडले गेले आणि धर्मगुरूंचा विरोध ऐकला गेला नाही. जमीनदारांच्या बाबतीत मात्र सभेला मालमत्तेचे पावित्र्य आठवले.

मे १७९० मध्ये दर ठरले. रोख देण्याच्या २० पट आणि धान्यरूपातील देण्याच्या २५ पट रक्कम एकरकमी भरावी लागे, आणि तोपर्यंत जुने देणे चालूच राही. देणे खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भारही शेतकऱ्यावरच टाकला होता, म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही त्यानेच कागद खोडून काढायचा. साहजिकच फार थोड्यांनी पैसे भरले. बाकीच्यांनी देणेच थांबवले आणि अनेक प्रांतांत पुन्हा वाडे पेटले. ऑगस्ट १७९२ मध्ये, राजसत्ता कोसळल्यावर, पुराव्याचा भार जमीनदारावर आला, तर १७ जुलै १७९३ च्या कायद्याने उरलेली सरंजामी देणी मोबदल्याविना रद्द करून त्यांचे दस्तऐवज जाळण्याचा आदेश दिला.

या सुटकेचा लाभ मुख्यतः स्वतःची जमीन असलेल्यांना झाला. खंडाने कसणाऱ्यांच्या बाबतीत रद्द झालेल्या दशांशाची रक्कम खंडात मिळवण्याची मुभा मालकांना आधीच कायद्याने देण्यात आली होती, आणि भूमिहीन मजुराच्या पदरात तर यातून काहीच पडले नाही.