कुंथायचं की फुंकर मारायची?

जिममध्ये नव्या पोराला पहिली सूचना मिळते, "श्वास रोखू नकोस." आणि शेजारीच दीडशे किलोचा बार खांद्यावर घेतलेला गडी गाल फुगवून, श्वास कोंडून स्क्वॉट मारत असतो. मग खरं काय?

श्वास कोंडून जोर लावण्याला आपल्याकडे फर्मास शब्द आहे: कुंथणे. भरलेलं पिंप सरकवताना आपण न शिकवता कुंथतो. डॉक्टर याला 'वल्साल्वा' म्हणतात. वल्साल्वा हा इटलीतला शरीररचनातज्ज्ञ. त्याने १७०४ साली ही युक्ती सांगितली ती कानातला पू बाहेर काढण्यासाठी, वजनांचा तिथे संबंधच नव्हता!

कुंथताना छातीत हवा भरलेली असते, घशातलं दार बंद होतं आणि पोटाचे स्नायू आवळले जातात. पोट गच्च हवा भरलेल्या फुटबॉलसारखं टणक होतं आणि पाठीच्या कण्याला आतून टेकू मिळतो. म्हणजे तो गडी काही चुकत नसतो.

पण याची किंमत रक्तदाब मोजतो. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत बारीक नळी घालून, व्यायाम चालू असतानाच दाब मोजला. दोन्ही पायांनी लेगप्रेस करताना, म्हणजे यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलताना, सरासरी ३२०/२५० भरला. एकाचा तर ४८०/३५०! शिवाय छातीतल्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. एकदा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं, संपवून मी भस्सकन श्वास सोडला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले, ते यामुळेच. बेंचचा आधार घेऊन दोन मिनिटं बसून राहिलो.

रोजच्या मध्यम वजनाला सोपा हिशेब पुरतो. बार खाली येताना नाकाने श्वास घ्या, पोट फुगू द्या. वर ढकलताना जिथे वजन अडतं ती जागा ओलांडली, की गरम चहावर फुंकर मारावी तसा ओठांतून सोडत न्या. पुढच्या खेपेला नवा श्वास. दंड-बैठकांनाही हेच लागू.

आपल्या कमाल ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपुढचं वजन असेल, तर क्षणभर श्वास अडतोच, कितीही ठरवलं तरी. धडधाकट माणसाने त्याचा बाऊ करू नये. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असलेल्यांनी मात्र इतकं वजन डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये. घरातला भरलेला गॅस सिलिंडरही याच हिशेबात धरा. तो सुमारे तीस किलोचा असतो.